पियानोची गाठ आणि सात किलो बटाटे

"जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात," उस्ताद नेहमी म्हणायचा, "बांधलेल्या, आणि अजून न बांधलेल्या!"

असं बोलायचा त्याला अधिकारही होता. लोकांचं घरसामान या घरातून त्या घरात हलवणाऱ्या एका कंपनीत तो सतरा वर्षं बांधाबांध करत होता. आरसे, झुंबरं, काचेची कपाटं, कुणाच्या आजोबांचं लंबकाचं घड्याळ, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. एकदा तर त्याने चौथ्या मजल्यावरून पियानो उतरवला. खाली पोचल्यावर मालकीणबाईंनी वाजवून बघितला, तर सूर जिथल्या तिथे! त्या दिवसापासून कामावरची मंडळी त्याला उस्ताद म्हणू लागली, आणि त्याने पियानोला मारलेल्या गाठीला 'पियानोची गाठ' असं नाव पडलं. गाठ त्याची स्वतःची, कुठे शिकलेली नाही. भार पडला की आवळते, हिसका बसला की आणखी आवळते, आणि सुटायचं म्हणाल तर सुटतच नाही. माल पोचला की सरळ सुरी घ्यायची आणि दोरी कापायची.

तर असा हा उस्ताद एका शनिवारी सकाळी कमरेवर हात ठेवून पलंगापाशी उभा होता. पलंगावर बाळ बांधून घ्यायच्या तीन तऱ्हा मांडलेल्या होत्या, आणि त्यातली एक त्याला निवडायची होती.

उस्तादला तीन पोरं. थोरली आठ वर्षांची, मधला चार वर्षांचा, आणि धाकटी सहा महिन्यांची. धाकटीला पाळण्याचं वावडं होतं. पाळण्यात ती फार तर वीस मिनिटं काढायची, तीही उपकार केल्यासारखी. एरवी तिला कुणाच्या तरी छातीशीच झोप लागायची. आणि तिला कडेवर घेतलं की उरायचा एकच हात. तो मधल्याने पकडला की थोरलीच्या वेणीला, दाराच्या कडीला आणि स्वतःच्या नाकाच्या खाजेला हात शिल्लक राहायचा नाही.

उस्तादची बायको पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. तिथे एक वरची जागा निघाली होती. या जागेची ती चार वर्षं वाट बघत होती. साहेबांना त्याच दिवशी उत्तर हवं होतं, सोमवारपासून येताय की नाही. उस्तादने स्वतः दोन महिन्यांची रजा टाकली होती. बायकोने कामावर जावं असं त्याला मनापासून वाटत होतं. तिला फक्त एवढंच बघायचं होतं, की मागे घर उभं राहतं का.

"तीन तास," चपला घालता घालता ती म्हणाली. "दहा ते एक. मी प्रयोगशाळेत बसून जुने कागद चाळते. तू मला फोन करायचा नाहीस. तुझा फोन आला, की मी समजेन जमत नाहीये. मग साहेबांना सांगेन, मला आणखी सहा महिने रजा द्या आणि ती जागा दुसऱ्या कुणाला द्या."

"अगं, मी पियानो—"

"पियानो रडत नाही," बायको म्हणाली. "आणि त्या तिन्हींतलं एक काय ते ठरवून टाक. दोन परत करायच्यात. ते लांब कापड माझ्या बहिणीचं आहे, तिला पुन्हा लागणार आहे. जसं दिलंय तसं परत गेलं पाहिजे."

ती गेली. धाकटी पाळण्यात झोपली होती. उस्तादने घड्याळात बघितलं आणि तळहात चोळले.

"आधी चाचणी!" त्याने पोरांना सांगितलं. "माल चढवण्याआधी दोरी तपासायची. धाकटीचं वजन किती?"

"सात किलो," थोरली म्हणाली. तिला घरातली सगळी वजनं, तारखा आणि इतरांच्या चुका पाठ असायच्या.

उस्तादने स्वयंपाकघरातल्या टोपलीतले बटाटे उशीच्या अभ्र्यात भरले, काट्यावर सात किलो करून घेतले आणि अभ्र्याचं तोंड बांधलं. बटाट्यांचं बाळ तयार झालं. मधला हे सगळं टक लावून बघत होता.

पहिली ती कड्यांची झोळी. एका खांद्यावरून घ्यायची आणि कापड दोन कड्यांतून ओढून आवळायचं. उस्ताद बटाटे घेऊन खोलीत दोन फेऱ्या मारून आला आणि डावीकडे झुकला.

"एकाच खांद्यावर भार!" त्याने निकाल दिला. "कपाट असं उचललं तर तोल जातो. नापास."

"बाबा, मला घे ना त्यात," मधला म्हणाला.

"तू मोठा झालास आता."

दुसरं ते पट्ट्यांचं कॅरियर. कमरेला पट्टा, खांद्यांना पट्टे, वीस किलोपर्यंत चालतं असं त्यावर छापलेलं. बटाटे छान बसले. पण खांद्याचे पट्टे जोडणारी क्लिप आली मानेखाली, पाठीवर! पियानो उचलून उचलून उस्तादची पाठ दरवाजाएवढी झालेली. हात काही तिथवर पोचेना. क्लिप लावायला तो स्वतःभोवती तीनदा गोल फिरला.

"रोज कुणी मागे उभं राहणार आहे का? नापास."

"मग मला घे," मधला म्हणाला.

"अरे राजा, हे सगळं बाळासाठी आहे. तू चार वर्षांचा घोडा!"

 मधला टोपलीपाशी जाऊन बसला.

मग उस्तादने ते तिसरं कापड उलगडलं. पाच मीटर लांब, मऊ, ताणलं की ताणणारं. पोटावरून, पाठीवरून, दोन्ही खांद्यांवरून फुली घेत पुढे, पुन्हा मागे. त्याच्या हातांना ओळखीचं काहीतरी सापडलं. सोबतच्या कागदावर शेवटचं चित्र होतं, पाठीमागे साधी दुहेरी गाठ मारा. उस्ताद मोठ्याने हसला.

"साधी गाठ! माझ्या लेकीला!"

आणि त्याने पाठीमागे हात नेऊन, न बघता, सवयीने, पियानोची गाठ मारली.

काय सांगावं, बटाटे असे बसले की बघत राहावं! उस्तादने उडी मारली, बटाटे हलले नाहीत. वाकला, हलले नाहीत. प्रत्येक उडीबरोबर पाठीमागची गाठ मात्र इमानेइतबारे आवळत होती. ठरलं! हेच कापड! उस्तादला स्वतःचा इतका अभिमान वाटला, की त्याने आरशासमोर उभं राहून बटाट्यांना थोपटलं.

तेवढ्यात पाळण्यातून धाकटीने सूर लावला.

"आलो गं बाई, आलो," म्हणत उस्तादने गाठ सोडायला हात मागे नेला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपण सतरा वर्षांत ही गाठ एकदाही सोडलेली नाही. आपण ती नेहमी कापतो.

कापणार काय? मेहुणीचं कापड! जसं दिलंय तसं परत!

त्याने बोटांनी ओढलं, नखांनी उकरलं. दाराच्या कडीत गाठ अडकवून अंगाला हिसका दिला. हिसक्याने ती आणखी आवळली. थोरलीने काटा-चमचा आणला आणि काट्याचा एक दात वाकवला. धाकटीचा आवाज आता वरच्या पट्टीत गेला होता. आणि घरातला एकुलता एक कर्ता पुरुष छातीशी सात किलो बटाटे बांधून तिच्यासमोर उभा होता! त्याने तिला उचलून धरलं, पण छातीशी जागाच नव्हती. हात लांब करून धरलेल्या धाकटीने बापाच्या छातीकडे बघितलं, तिथे अभ्र्याचा गुबगुबीत गोळा बघितला आणि आणखी जोरात भोकाड पसरलं. आपली जागा कुणीतरी घेतलीय हे सहा महिन्यांच्या जीवालाही कळतं.

"आईला फोन करू?" थोरलीने विचारलं.

"खबरदार!"

"मग बटाटे काढू या."

हे बरोबर होतं. अख्खा अभ्रा वर निघेना, खाली फुगून बसला होता. म्हणून थोरलीने खुर्चीवर चढून त्याचं तोंड सोडलं आणि एकेक बटाटा वरून काढून मधल्याच्या हातात देऊ लागली. मधला तो टोपलीत ठेवून यायचा. पन्नास-साठ बटाटे झाले असतील. शेवटी रिकामा अभ्रा उपसून काढला. कापड ढिलं पडलं. उस्तादने घाईघाईने धाकटीला वरून आत सरकवलं, पाय दोन्ही बाजूंना काढले, तोंड वर, नाक मोकळं. कापड पुन्हा ताणून बसलं. धाकटीने दोन हुंदके दिले, बापाच्या गळ्याखाली गाल टेकला आणि पाच मिनिटांत झोपून गेली.

घर शांत झालं. अकरा वाजून दहा मिनिटं. दोन्ही हात मोकळे! उस्तादने ते हवेत फिरवून बघितले. एवढं निवांत त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मोकळ्या हाताने त्याने थोरलीच्या डोक्यावर टपली मारली आणि दुसऱ्या मोकळ्या हाताने मधल्याला टपली मारायला गेला, तर मधला नव्हता.

पलंगाखाली नव्हता. पडद्यामागे नव्हता. बाहेरच्या दाराला आतून कडी होती, म्हणजे होता घरातच. पण हाक मारून ओ देईना.  छातीशी धाकटी, त्यामुळे वाकता येईना, आणि ती उठेल म्हणून ओरडताही येईना. दबक्या आवाजात हाका मारत तो घरभर फिरला.

"बाबा, इकडे ये," थोरलीने स्वयंपाकघरातून बोलावलं.

टोपलीत, बटाट्यांच्या ढिगावर, उशीचा अभ्रा उभा होता. अभ्र्यातून फक्त मधल्याचं डोकं वर आलेलं. बाकीचा मधला आत.

"इथे काय करतोयस रे?"

"मी बटाटा आहे," मधला समोर भिंतीकडे बघत म्हणाला. "बटाट्यांना घेतलंस. तीन वेळा घेतलंस. मला एकदापण नाही."

  सहा महिने घरात जो तो या पोराला मोठा झालास, मोठा झालास म्हणत होता, आणि हा चार वर्षांचा जीव मोठं होऊन होऊन दमला होता. लाजच वाटली उस्तादला. सतरा वर्षं 'नाजूक' असं लिहिलेली खोकी त्याने डोळे मिटून ओळखली, आणि घरातलं एक त्याला दिसलं नव्हतं.

"ते पट्ट्यांचं कॅरियर आण गं," तो थोरलीला म्हणाला.

मधला सोळा किलो. वीसपर्यंत चालतं म्हणून छापलेलंच होतं. खुर्चीवरून तो बापाच्या पाठीवर चढला, थोरलीने पट्टे ओढले. आणि गंमत बघा! पोर पाठीवर घेतलं की ती क्लिप पुढे येत होती, धाकटीच्या डोक्याच्या थोडी वर, हाताच्या अंतरावर. मघाशी नापास झालेलं कॅरियर आता पहिल्या वर्गात पास! मधल्याने बापाच्या मानेवर गाल टेकला आणि एवढा मोठा सुस्कारा सोडला, की उस्तादचे केस उडाले.

"तू काय घेतलंयस ते?" उस्तादने थोरलीला विचारलं.

थोरलीच्या खांद्यावर कड्यांची झोळी होती. झोळीत दहाबारा बटाटे होते.

"कुणीतरी यांच्याकडेपण बघायला पाहिजे," ती म्हणाली.

असं सगळं सुखाचं चाललेलं असताना धाकटीचा लंगोट भरला.

ही बातमी नाकाने आणली. आता धाकटीला बाहेर काढणं आलं. आणि उस्तादच्या धंद्याचा पहिला नियम, गाठ सुटल्याशिवाय माल निघत नाही! गाठ तर मधल्याच्या खाली, पट्ट्याच्या आत, आणखी सोळा किलोंनी आवळलेली.

"बाबा, पण बाळ तर वरून—" थोरली म्हणाली.

"मोठ्यांच्या कामात मध्ये बोलू नये. खाली काकूंकडे जाऊ."

तळमजल्यावर कपडे शिवणाऱ्या काकू राहायच्या. दोरा गुंतला, चेन अडकली, बटण तुटलं, की अख्खी इमारत त्यांच्याकडे धावायची. उस्तादने दार ओढून घेतलं आणि वरात जिना उतरू लागली. पुढे धाकटी, मागे मधला, मध्ये उस्ताद, आणि शेवटी बटाटे घेऊन थोरली. दुसऱ्या मजल्यावर पोस्टमन भेटला. त्याने भिंतीला चिकटून वाट दिली.

"काय हो, घर बदलताय?"

"खालपर्यंतच!" उस्ताद म्हणाला.

पहिल्या मजल्यावर फोन थरथरू लागला. फोन उस्तादच्या पँटच्या मागच्या खिशात, त्यावर कापड, त्यावर पट्टा, त्यावर मधला.

"बाबा, तुला आतून काहीतरी होतंय!" मधला खिदळला. "मला गुदगुल्या होतायत!"

उस्तादने हात घालायचा प्रयत्न केला. पोचेना. फोन थांबला, पुन्हा आला. थांबला, तिसऱ्यांदा आला.  बायकोच असणार! आपण फोन करायचा नाही असं ठरलं होतं, पण तिने केला आणि आपण उचलला नाही, तर काय, हे ठरलंच नव्हतं. आता ती घाबरणार, धावत येणार, आणि चार वर्षं वाट बघितलेली जागा आपल्या गाठीपायी जाणार. त्या क्षणी कुणी त्याला पियानोवाला उस्ताद म्हटलं असतं, तर तो रडलाच असता.

काकूंनी चष्म्यावरून त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या.

"मापाला आलायस का?"

"काकू, गाठ सुटत नाही. बाळाचा लंगोट बदलायचाय."

काकूंनी टाचण्या उशीला टोचल्या, मधल्याला पट्ट्यांतून सोडवून खाली उतरवलं आणि गाठ बघितली. बोटाने दाबली. मान हलवली आणि मोठी कात्री उचलली.

"नको!" उस्ताद दोन पावलं मागे सरला. "मेहुणीचं कापड आहे! जसं दिलंय तसं परत करायचंय!"

"बरं. गाठ कधी मारलीस?"

"दहा वाजता."

"आणि बाळ आत कधी घातलंस?"

"अकराला."

काकू कात्री धरलेल्या हातानेच थांबल्या.

"म्हणजे गाठ आधी आणि बाळ मागाहून. मग ते आत गेलं कुठून?"

"वरून," उस्ताद म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज बारीक झाला.

"मी मघापासून तेच सांगतेय," थोरली म्हणाली.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा!" काकूंनी कात्री टेबलावर ठेवली. "तीन जिने उतरून आलास रे एवढ्यासाठी?"

उस्ताद काही उत्तर देणार, तोच दारात चपलांचा आवाज आला. बायको! घड्याळात साडेबारा. वरचं दार बंद बघून ती आवाजाच्या दिशेने आली होती. तिने धाकटीकडे बघितलं, शांत झोपलेली. मधल्याकडे बघितलं, हसरा. थोरली, जागेवर.

"मी फोन नाही केला हं!" उस्ताद घाईने म्हणाला.

"मी केला," बायको म्हणाली. "मलाच राहवलं नाही. तीन वेळा केला. तू उचलला नाहीस."

"अगं, त्याचं काय झालं—"

"मला कळलं. पहिल्यांदा घाबरले. मग विचार केला, हा नुसता बसून असता तर पहिल्या घंटीला उचलला असता. उचलत नाहीये म्हणजे हात पोरांत गुंतलेत." तिचे डोळे भरून आले होते. "साहेबांना सांगून आले. सोमवारी नऊ वाजता."

उस्तादची छाती अशी फुगली, की धाकटी दोन इंच पुढे आली. काही सांगायची गरजच नव्हती! गाठ नाही, बटाटे नाहीत, वाकलेला काटा नाही. त्याने थोरलीकडे बघून डोळे मोठे केले. ती गप्प राहिली.

"चला, आधी हिचं बघू," म्हणत काकूंनी धाकटीला काखांखाली धरून अलगद वर उचललं. ती जशी गेली होती तशीच निघाली. कापड ढिलं पडलं, आणि त्याच्या तळातल्या घडीतून एक बटाटा सुटला. टप्पकन जमिनीवर पडला, गडगडत गेला आणि बायकोच्या पायाशी थांबला.

तिने तो उचलला. तो उबदार होता.

"आणि हे चौथं कधी झालं?"

 मग थोरलीने तोंड उघडलं, आणि या वेळी तिला गप्प करायची हिंमत उस्तादला झाली नाही. तिने दहा वाजल्यापासून सगळं सांगितलं, वजनासकट. बायको आधी ऐकत होती, मग ओठ दाबत होती, आणि मधला बटाटा झाला तिथे काकूंच्या शिलाई मशीनवर डोकं टेकून हसत होती की रडत होती, ते कळेना.

"म्हणजे सोमवार..." उस्तादने चाचरत विचारलं.

"सोमवार नक्की," ती डोळे पुसत म्हणाली. "पण तू फोन शर्टाच्या खिशात ठेव."

गाठ काही सुटली नाही. मेहुणीला कापड गाठीसकटच द्यायचं, असं ठरलं. तोवर उस्ताद ते स्वेटरसारखं डोक्यातून घालतो आणि डोक्यातून काढतो. दोन परत करायच्या होत्या, त्यातलं पट्ट्यांचं कॅरियर राहिलं. कड्यांची झोळी थोरली देत नाही.

सोमवारी नऊला बायको कामावर गेली. उस्तादने दार लावलं, फोन शर्टाच्या खिशात ठेवला, कापड डोक्यातून चढवलं आणि आत्मविश्वासाने वळला. मागे मधला उभा होता. एका हातात उशीचा अभ्रा, दुसऱ्या हातात बटाटा.

"बाबा," त्याने विचारलं, "आज आधी मी, की आधी बटाटे?"